मिरचीवर बोकड्या परत परत का येतो आणि वाळवलेल्या मिरचीला बुरशी का धरते

कुंडीत किंवा गच्चीवर मिरची लावणाऱ्या घरांमध्ये एक तक्रार दर वर्षी ऐकू येते. रोप जोमाने वाढते, फुले दिसू लागतात आणि नेमक्या त्याच सुमारास शेंड्याची पाने आखडून, चुरगळून लहान होऊ लागतात. कोणीतरी सुचवलेले औषध आणून फवारले की आठ-पंधरा दिवस बरे वाटते आणि मग पुन्हा तेच सुरू होते. शेतकरी याला बोकड्या किंवा चुरडा-मुरडा म्हणतात. दुसरी तक्रार काढणीनंतरची आहे. उन्हात वाळवून डब्यात भरलेली मिरची पावसाळा लागताच मऊ पडते आणि फोडून पाहिली तर आत करडी किंवा हिरवट बुरशी असते. या दोन्ही तक्रारींचे मूळ एकच आहे असे माझे मत आहे. आपण डोळ्यांना दिसते तेवढ्यावर उपाय करतो आणि आत दडलेले, म्हणजे पानाच्या पेशींतली अंडी किंवा मिरचीच्या गाभ्यातला ओलावा, तसेच राहून जाते. म्हणून येथे औषधांची यादी देण्याऐवजी निदान कसे करावे आणि उपाय किती काळ चालू ठेवावा यावर जास्त भर दिला आहे.

आधी पाण्याचा प्रश्न बाजूला काढावा

पान वळले की कीडच असेल असे नाही. एप्रिल-मेच्या दुपारी कुंडीतली माती तापते, मुळे पुरेसे पाणी ओढू शकत नाहीत आणि झाड स्वतःच्या बचावासाठी पाने वरच्या बाजूला मिटून घेते. अशी पाने संध्याकाळी किंवा पहाटेपर्यंत पुन्हा सरळ होतात, त्यांचा आकार लहान होत नाही आणि शेंड्यापासून बुंध्यापर्यंतची जवळजवळ सगळीच पाने सारखी वागतात. किडीमुळे आलेला आखडलेपणा मात्र रात्रीत जात नाही, आणि तो शेंड्याच्या कोवळ्या पानांत सर्वांत जास्त व खालच्या जून पानांत सर्वांत कमी असतो. त्यामुळे संशय आला की पहिली पाहणी सूर्योदयाच्या सुमारास करावी. त्या वेळी पाने सरळ असतील तर औषधाला हात लावण्याचे कारण नाही. कुंडी दुपारच्या उन्हातून थोडी हलवावी, मातीवर वाळलेल्या पाल्याचे किंवा नारळाच्या शेंडीचे आच्छादन घालावे आणि कुंडी १० ते १२ इंचांपेक्षा लहान असेल तर ती बदलावी.

उलट बाजूचा दोषही तितकाच सामान्य आहे. कुंडीखालच्या बशीत पाणी साचून राहिले तर मुळे गुदमरतात आणि माती ओली असूनही पाने मलूल पडतात. बोट दोन पेरांपर्यंत मातीत घालून पाहावे आणि माती तिथेही ओलसर लागली तर त्या दिवशी पाणी देऊ नये. रोज ठरलेल्या वेळी ठरलेला तांब्या ओतण्याची सवय मिरचीला मानवत नाही.

पान कोणत्या बाजूला वळले आहे

पहाटेही पाने आखडलेलीच दिसली तर पुढचा प्रश्न एवढाच आहे की ती वर वळली आहेत की खाली. या एका निरीक्षणावर पुढचा सगळा उपाय ठरतो आणि नेमके तेच केले जात नाही, म्हणून मी त्यावर थोडे रेंगाळतो.

पानाच्या कडा वरच्या बाजूला वळून पान होडीसारखे झाले असेल, पानावर चंदेरी किंवा तपकिरी ओरखडे दिसत असतील तर ते काम बहुधा फुलकिड्यांचे असते. फुलकिडे जेमतेम एक मिलिमीटर लांबीचे, पिवळसर किंवा तपकिरी रंगाचे असतात आणि नुसत्या डोळ्यांना ते हलत्या रेघेसारखे दिसतात. त्यांना पकडण्याची सोपी रीत म्हणजे शेंडा एका पांढऱ्या कागदावर धरून हलकेच झटकावा आणि मिनिटभर कागदाकडे पाहावे. कोरडी, उष्ण हवा त्यांना फार मानवते. त्यामुळे देशावर, मराठवाड्यात आणि विदर्भात फेब्रुवारीपासून पाऊस पडेपर्यंत त्यांचा जोर असतो. फुलांच्या आत राहून फुलेच खराब करणारी, गडद रंगाची एक परकी जातही अलीकडे भारतात आली आहे आणि २०२१-२२ च्या हंगामात तिने तेलंगण व आंध्र प्रदेशातल्या मिरचीचे मोठे नुकसान केले. त्यामुळे आता पानांबरोबर फुलेही झटकून पाहणे आवश्यक झाले आहे.

कडा खालच्या बाजूला वळल्या असतील, पान अरुंद आणि नेहमीपेक्षा गडद हिरवे झाले असेल, त्याचा देठ लांबट झाला असेल आणि खालची बाजू तांबूस, चकचकीत दिसत असेल, तर तो कोळी आहे, म्हणजे घरातला जाळे करणारा कोळी नव्हे, तर पानांचा रस शोषणारा त्याच्याच जातकुळीचा सूक्ष्म जीव. हा कोळी जाळे विणत नाही आणि तो इतका बारीक असतो की दहापट मोठे दाखवणाऱ्या भिंगाशिवाय दिसतच नाही. त्यामुळे अनेक जण कीड नाही असे समजून खत वाढवत राहतात. त्याला उबदार आणि दमट हवा लागते, म्हणून मुंबई, कोकण आणि गोव्यात पावसाळ्यात व त्यानंतरच्या दमट आठवड्यांत त्याचा उपद्रव अधिक असतो. तो पांढऱ्या माशीच्या पायांना चिकटून एका झाडावरून दुसऱ्या झाडावर जातो. पाचव्या मजल्यावरच्या, चारही बाजूंनी वेगळ्या पडलेल्या गॅलरीतही कोळी कसा पोहोचतो, याचे एक उत्तर हे आहे.

पाने वर वळलेली, पण त्याबरोबर फारच लहान, एकमेकांत दाटलेली, शिरा जाड झालेली आणि कडेने पिवळट पडलेली असतील, पेरांमधले अंतर कमी होऊन सगळा शेंडा गुच्छासारखा दिसत असेल, तर तो विषाणू समजावा. हा रोग पांढरी माशी पसरवते. फुलकिड्यांच्या नुकसानीशी त्याचा गोंधळ होतो, कारण दोन्हींत पान वरच वळते. फरक असा की फुलकिडे आटोक्यात आले की नवी फूट निरोगी येते, तर विषाणू लागलेल्या झाडाची नवी फूटही आखडलेलीच येते आणि झाड उंचीला खुंटते.

चौथी कीड म्हणजे मावा. ती ओळखण्यासाठी भिंग लागत नाही. पानांवर चिकट थर, त्यावर काजळीसारखी काळी बुरशी आणि खोडावर मुंग्यांची ये-जा दिसली की पान उलटून पाहावे. परदेशात थंडीत मिरचीचे रोप घरात, खिडकीशी ठेवणाऱ्या मराठी घरांना बहुतेक वेळा याच किडीचा त्रास होतो, कारण बंद घरात मावा खाणारे ढालकिडे येत नाहीत. तिथे कोमट पाण्याने रोप धुणे आणि साबणाचे पाणी एवढे पुरते.

फवारणी करूनही कीड परत का येते

पहिले कारण चुकीच्या औषधाचे आहे. कोळी हा कीटक नाही. त्याला आठ पाय असतात आणि मावा किंवा फुलकिड्यांसाठी विकले जाणारे इमिडाक्लोप्रिडसारखे औषध त्याच्यावर चालत नाही. सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातल्या औषधांनी तर अनेकदा उलटाच परिणाम होतो, कारण कोळ्याला खाणारे मित्रकोळी आणि मित्रकीटक आधी मरतात आणि उपद्रवी कोळी मोकळा सुटतो. घरातल्या आठ-दहा कुंड्यांसाठी, ज्यातली मिरची आपण दुसऱ्या दिवशी वरणात घालणार आहोत, असली तीव्र औषधे वापरू नयेत असे माझे स्पष्ट मत आहे. त्यांची गरजही बहुधा पडत नाही.

दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. फुलकिड्याची मादी अंडी पानाच्या पेशींच्या आत घालते आणि पूर्ण वाढलेली अळीसारखी पिल्ले कोषावस्थेसाठी मातीत किंवा गळलेल्या पाल्यात उतरतात. म्हणजे ज्या दिवशी आपण फवारतो, त्या दिवशी पानावर वावरणारे फुलकिडे मरतात, परंतु पानातली अंडी आणि मातीतले कोष शाबूत राहतात. अंडी साधारण आठवडाभरात उबतात आणि दोन-तीन आठवड्यांत एक पिढी पूर्ण होते. कोळ्याची पिढी तर उबदार हवेत आठवड्याच्या आतच तयार होते. एक फवारणी करून पंधरा दिवस वाट पाहणारा माणूस म्हणूनच दर वेळी नव्या पिढीला सामोरा जातो आणि औषध निकामी झाले असे समजून आणखी कडक औषध शोधतो.

यावर उपाय म्हणजे सौम्य फवारणी, पण ठरलेल्या अंतराने आणि न चुकता. फुलकिडे, मावा आणि पांढरी माशी यांच्यासाठी पाच टक्के निंबोळी अर्क उत्तम काम करतो. ५० ग्रॅम निंबोळ्यांची भरड १ लिटर पाण्यात रात्रभर भिजवावी, सकाळी फडक्यातून पिळून गाळावी, त्यात थोडे साबणाचे पाणी मिसळावे आणि त्याच दिवशी संध्याकाळी फवारावे. निंबोळ्या मिळत नसतील तर १ लिटर कोमट पाण्यात ५ मिलि निंबाचे तेल आणि १ मिलि सौम्य द्रव साबण असे मिश्रण चालते. तेल पाण्यात नीट मिसळले नाही तर ते पानावर थेंबांनी बसते आणि पान भाजते, म्हणून आधी साबण व तेल एकत्र घोटून मग पाणी घालावे आणि पंप मधूनमधून हलवत राहावा. कपड्यांची पावडर साबण म्हणून वापरू नये, तिने कोवळी पाने जळतात. पहिल्यांदा एकाच फांदीवर फवारून एक दिवस थांबावे.

कोळ्यासाठी पाण्यात मिसळणारे ८० टक्के गंधक १ लिटर पाण्यात २ ग्रॅम या प्रमाणात वापरावे. येथे दोन पथ्ये कडक पाळावी लागतात. तापमान ३२ अंशांच्या वर असताना गंधक फवारू नये, आणि निंबाचे तेल व गंधक यांच्या फवारणीत किमान दोन आठवड्यांचे अंतर ठेवावे, कारण दोन्ही एकत्र आली तर पाने करपतात. वेष्टनावर काढणीपूर्वी थांबण्याचे जे दिवस छापलेले असतात ते वाचून तेवढे दिवस मिरची तोडू नये.

फवारणी कोणतीही असो, ती पानाच्या खालच्या बाजूला झाली पाहिजे. कुंडी एका हाताने तिरकी करून नोझल वरच्या दिशेने धरल्याशिवाय हे साधत नाही. पाच ते सहा दिवसांच्या अंतराने सलग चार फवारण्या कराव्यात, म्हणजे अंड्यांतून निघणारी आणि मातीतून वर येणारी अशी दोन्ही पिलावळ एकेकदा तरी फवाऱ्यात सापडते. दुसऱ्या फवारणीनंतर झाड बरे दिसले तरी उरलेल्या दोन सोडू नयेत. बोकड्या परत येण्याची जी उदाहरणे माझ्या पाहण्यात आहेत, त्यांतली बरीचशी याच टप्प्यावर बिघडलेली असतात.

त्याबरोबर पहिल्याच दिवशी जास्त आखडलेले शेंडे कापून बंद पिशवीत टाकावेत, कुंडीतला गळालेला पाला उचलावा आणि मातीचा वरचा एक इंच थर खरवडून बदलावा. फुलकिड्यांसाठी निळे आणि पांढऱ्या माशीसाठी पिवळे चिकट सापळे शेंड्याच्या उंचीवर लावावेत. सापळ्यांनी कीड संपत नाही, पण ती वाढते आहे की घटते आहे हे रोज कळते आणि त्यासाठीच ते मोलाचे आहेत. शेजारी गुलाबाची कुंडी असेल तर तिच्यावरही फवारावे, कारण हाच फुलकिडा गुलाबावर राहतो आणि मिरची स्वच्छ झाली की परत येतो.

एक गोष्ट ध्यानात असू द्यावी की एकदा आखडलेले पान पुन्हा कधीही सरळ होत नाही. उपाय लागू पडला की नाही हे जुन्या पानांवरून ठरवू नये. शेंड्याला दोरा बांधून खूण करावी आणि त्यानंतर आलेली पाने कशी आहेत ते पाहावे.

खताविषयी थोडेसे सांगणे आवश्यक आहे. पाने आखडली की झाड अशक्त झाले असे समजून युरिया किंवा ओंजळभर शेणखत घालण्याची प्रवृत्ती असते. नत्र वाढले की लुसलुशीत फूट येते आणि रस शोषणाऱ्या किडींना तीच हवी असते. उपचार चालू असताना खत थांबवावे आणि निरोगी फूट दिसू लागल्यावर मूठभर गांडूळखत द्यावे.

विषाणू असेल तर

विषाणू लागलेले झाड कोणत्याही औषधाने बरे होत नाही. ते ठेवले तर पांढरी माशी त्याच्यावरून उठून शेजारच्या निरोगी झाडावर बसते आणि रोग नेते. टोमॅटोही याला बळी पडतो. झाड मुळासकट उपटून पिशवीत बंद करून टाकावे. दोन-चार मिरच्या लागलेले झाड उपटणे जिवावर येते, पण उरलेल्या कुंड्या वाचवण्याचा दुसरा मार्ग नाही. पुढच्या वेळी रोपे तयार करतानाच काळजी घ्यावी. बी पेरल्यापासून रोप कुंडीत लावेपर्यंतचे ३५ ते ४० दिवस रोपांवर बारीक छिद्रांची नायलॉन जाळी घालून ती कडेने मातीत दाबावी. लहान वयात रोग लागला तर झाड फळ धरतच नाही, मोठे झाल्यावर लागला तर थोडेफार उत्पन्न हाती येते, म्हणून हे पहिले दिवस जाळीखाली काढणे सर्वांत फायद्याचे ठरते.

फूलगळ आणि काळे पडलेले टोक

पाने निरोगी असून फुले गळत असतील तर बहुधा हवामानाचा प्रश्न असतो. दिवसाचे तापमान ३५ अंशांच्या वर आणि रात्रही उबदार राहिली की परागकण निकामी होतात आणि फूल देठासकट गळून पडते. दुपारी सावलीची जाळी लावावी आणि वाट पाहावी, पहिल्या पावसानंतर तेच झाड भरभरून फळ धरते. दिवसाला सहा तासांपेक्षा कमी ऊन मिळणाऱ्या गॅलरीत मात्र फूलगळ बाराही महिने चालू राहते आणि तिथे जागा बदलण्याखेरीज उपाय नाही. फळाचे टोक काळपट व चामड्यासारखे झाले असेल तर तो चुन्याचा, म्हणजे कॅल्शियमचा तुटवडा असतो, आणि तो बहुतेक वेळा मातीत कॅल्शियम नसल्याने येत नाही, तर पाणी कधी फार, कधी मुळीच नाही अशा अनियमिततेने येतो.

पिकत आलेल्या मिरचीवर खोलगट, गोल डाग आणि त्यांत काळ्या कड्या दिसल्या तर ती फळकूज आहे. अशी मिरची वाळवणात मिसळू नये. साठवणीतल्या अर्ध्या अडचणी येथूनच सुरू होतात.

वाळवलेल्या मिरचीला बुरशी का धरते

पिकलेल्या लाल मिरचीत तोडणीच्या वेळी ६५ ते ८० टक्के पाणी असते आणि सुरक्षित साठवणीसाठी ते १० टक्क्यांच्या आसपास यावे लागते. अडचण अशी की मिरचीची साल आधी वाळते आणि आतला पांढरट गाभा, ज्याला बिया चिकटलेल्या असतात, तो सर्वांत शेवटी वाळतो. हाताला मिरची कडक लागते, बिया वाजतात, आपण ती डब्यात भरतो आणि देठाजवळच्या गाभ्यातला ओलावा हळूहळू सगळ्या डब्यात पसरतो. ब्याडगीसारख्या पातळ सालीच्या मिरचीत हे कमी घडते. घरी लावलेली जाड सालीची मिरची त्याला लवकर बळी पडते.

त्यावर सर्वांत विश्वासाची परीक्षा वजनाची आहे. १ किलो ओली लाल मिरची नीट वाळल्यावर, तिच्यात मुळात किती पाणी होते त्यानुसार, सुमारे २२० ते ३९० ग्रॅम भरते. त्याहून बरीच जास्त भरली तर ती वाळलेली नाही. याहूनही नेमकी रीत म्हणजे दोन लागोपाठ दिवस उन्हात ठेवून संध्याकाळी वजन करावे आणि दुसऱ्या दिवशी वजन घटले नाही तरच वाळवण संपले असे मानावे. नंतर ती मिरची पूर्ण गार करून काचेच्या स्वच्छ बरणीत झाकण लावून दोन दिवस ठेवावी. बरणीच्या आत बाष्प धरले, किंवा मिरची वाकवल्यावर मोडण्याऐवजी लवली, तर ती पुन्हा उन्हात घालावी. ही दोन दिवसांची चाचणी बहुतेक घरांत होत नाही आणि म्हणून बुरशी जुलैत दिसते, जेव्हा पुन्हा वाळवायला ऊन नसते.

वाळवताना जाड सालीच्या मिरच्या उभ्या चिरून घ्याव्यात. धुतल्या असतील तर देठाच्या टोपीखालचे पाणी टिपून काढावे. त्या एकाच थरात, जमिनीपासून उंच, चाळणीसारख्या बाजेवर किंवा जाळीवर पसराव्यात, म्हणजे खालूनही हवा लागते. सूर्यास्तापूर्वी त्या गोळा करून कापडाखाली घरात आणाव्यात, कारण रात्रीचे दव दिवसभराचे काम वाया घालवते. अख्ख्या मिरचीचे देठ मात्र साठवताना काढू नयेत. देठ निघाला की तिथे भोक पडते आणि दमट हवा व कीड दोन्ही त्यातून आत जातात. देठ कुटायच्या किंवा कांडपाला द्यायच्या दिवशी खुडावेत.

घरच्या कुंड्यांची खरी अडचण वेगळीच असते. तिथली मिरची एकदम पिकत नाही, आठवड्याला दहा-पंधरा अशी लाल होत जाते आणि तीही बऱ्याचदा ऐन पावसात. अशा वेळी उन्हाची वाट पाहत टोपलीत साठवलेली मिरची कुजते. पावसाळ्यात वाळवणाचा हट्ट धरू नये असे मला वाटते. मिरच्या पुसून, पूर्ण कोरड्या करून, देठ काढून पिशवीत भराव्यात आणि फ्रीजरमध्ये ठेवाव्यात. त्या विरघळल्यावर मऊ पडतात, पण फोडणीला, वाटणाला किंवा आमटीला त्यांचा तिखटपणा पुरेपूर उतरतो. घरात फळे-भाज्या सुकवण्याचे विजेवरचे यंत्र असेल तर ५० ते ६० अंशांवर चिरलेली मिरची पावसातही उत्तम वाळते.

बुरशी धरलेल्या मिरचीचे काय करावे, हा प्रश्न वारंवार विचारला जातो आणि त्याचे उत्तर निःसंदिग्ध आहे: ती टाकून द्यावी. मिरचीवर वाढणाऱ्या काही बुरशा अफ्लाटॉक्सिन नावाचे विष तयार करतात. ते यकृताला घातक असते आणि घरगुती भाजण्याने, तळण्याने किंवा पुन्हा उन्हात घालण्याने ते नाहीसे होत नाही. बुरशी पुसून किंवा पाखडून ती मिरची तिखटात दळणे म्हणजे ते विष वर्षभराच्या डब्यात मिसळणे होय. वरून स्वच्छ दिसणाऱ्या मिरचीतही आत बुरशी असू शकते, म्हणून कांडपापूर्वी ढिगातल्या निरनिराळ्या जागच्या काही मिरच्या उभ्या फोडून पाहाव्यात.

तिखटाचा रंग उडणे ही तक्रार यापेक्षा सौम्य आहे. लाल रंगद्रव्ये प्रकाशाने आणि हवेने फिकी पडतात, तिखटपणा मात्र त्या मानाने टिकतो. म्हणून फिका पडलेला मसाला बेचव झाला असे समजून दुप्पट घातल्यास जेवण जळजळीत होते. तिखट कांडपाहून गरम येते, ते परातीत पसरून पूर्ण गार होऊ द्यावे आणि मगच दाबून, वर मोकळी जागा न ठेवता, अंधारातल्या कोरड्या बरणीत भरावे. हिंगाचे खडे घालण्याची रीत जुनी आहे आणि किडीसाठी ती अवश्य पाळावी, परंतु हिंग ओलावा शोषून घेत नाही, त्यामुळे अर्धवट वाळलेल्या मिरचीच्या तिखटाला त्याने संरक्षण मिळत नाही. तिखटात किंवा अख्ख्या मिरचीत बारीक तपकिरी भुंगेरे नेहमी होत असतील तर भरण्यापूर्वी कोरड्या, हवाबंद पिशवीत ती चार दिवस फ्रीजरमध्ये ठेवावी म्हणजे अंडी मरतात. बाहेर काढल्यावर पिशवी खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय उघडू नये, नाही तर हवेतले बाष्प गार मिरचीवर बसते.

सांडगी मिरची, ठेचा आणि लोणचे

सांडगी मिरचीला आतून बुरशी धरण्याचे कारण तिच्या कृतीतच आहे. धने, जिरे, मेथी, हिंग, मीठ यांचे सारण भरलेली मिरची रात्री आंबट ताकात आणि दिवसा उन्हात अशी काही दिवस फिरते, म्हणजे ती आपण रोज नव्याने ओली करतो. सारण भाजून कोरडे केलेले असावे, ते ठासून भरू नये, आणि पहिले दोन दिवस मिरची चीर वर करून वाळवावी. ताक संपल्यावर मिरची बाहेरून कडक दिसते, तिथे न थांबता आणखी तीन कडकडीत उन्हे द्यावीत. आभाळ येण्याची चिन्हे असतील तर ताकातली फेरी त्या दिवसापुरती टाळावी.

ठेच्याच्या बाबतीत सावधगिरी अधिक लागते. हिरवी मिरची आणि लसूण या दोन्हींत आंबटपणा फार कमी असतो आणि तेलाखाली हवा पोहोचत नाही. अशा जागी, खोलीच्या तापमानाला, बोट्युलिझम ही गंभीर अन्नविषबाधा घडवणारे जिवाणू वाढू शकतात, आणि त्यांच्या विषाने वास, रंग किंवा चव बदलेलच असे नाही. म्हणून वर तेल घातले की ठेचा महिनाभर बाहेर टिकतो ही समजूत सोडून द्यावी. ठेचा फ्रिजमध्ये ठेवून चार दिवसांत संपवावा, जास्त असेल तर बर्फाच्या साच्यात गोठवून एकेक वडी काढावी.

लोणच्यावर पांढरा पापुद्रा येतो तो मिरच्या रसाच्या वर तरंगत राहिल्यामुळे. मिरच्या पुसून, तुकडे करून दोन-तीन तास सावलीत सुकवाव्यात, मीठ व लिंबाचा रस मोकळ्या हाताने घालावा आणि तुकडे रसाखाली बुडतील अशी बरणी निवडावी. चिरताना हातांना आधीच तेल लावावे. तिखटपणा पाण्यात विरघळत नाही, त्यामुळे हात पोळले तर नळाखाली धरण्यापेक्षा तेल चोळून मग साबणाने धुतल्याने आराम पडतो.

पुढच्या हंगामाचे बी

बियांसाठी मिरची निवडताना ज्या झाडाला बोकड्या सर्वांत कमी लागला, त्याच झाडाची मधल्या बहरातली पूर्ण लाल झालेली, डाग नसलेली फळे घ्यावीत. फळकुजीची बुरशी बियांबरोबर पुढच्या पिढीत जाते, म्हणून डाग अगदी छोटा असला तरी ते फळ बियांसाठी वापरू नये. बी सावलीत वाळवावे आणि वाणाचे नाव व महिना लिहिलेल्या कागदी पुडीत घालून कोरड्या डब्यात ठेवावे. संकरित वाणाच्या बियांपासून तसेच झाड येत नाही. राहुरीच्या कृषी विद्यापीठाची फुले ज्योती, दापोलीच्या विद्यापीठाची कोकण कीर्ती किंवा पुसा ज्वाला अशा सरळ वाणांचे बी धरता येते. मात्र शेजारच्या कुंडीत दुसरी मिरची फुललेली असेल तर मधमाश्या परागकण इकडचे तिकडे नेतात, म्हणून बियांसाठी ठरवलेल्या फांदीवर कळ्या उमलण्याआधी पातळ मलमलची पिशवी बांधावी, फुले उमलल्यावर फांदी हलकेच हलवावी आणि फळ धरल्यावर पिशवी काढून त्या देठाला रंगीत दोरा बांधून ठेवावा.